शिंपीमास्तरांचं कुंपण

शिंपीमास्तरांनी हयातभर माणसांची मापं घेतली आणि बहात्तराव्या वर्षी सशांची घेतली. मागच्या अंगणातल्या ओल्या वाफ्यात उमटलेल्या पावलांवर ते टेप लावून वाकले होते, तेव्हा शेजारच्या सिस्टर भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तर, सशाला सूट शिवताय की काय?"

"गिऱ्हाईक मोठं चोखंदळ आहे हो," मास्तर म्हणाले. "कोवळं तेवढंच खातंय."

बोलणं थट्टेचं असलं तरी चेहरा उतरलेला होता. बायकोला अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, मग हळूहळू खाण्यावरची वासनाच उडाली. दूध ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं, भात ती गालातच धरून ठेवायची. घशाखाली उतरायचं ते एकच, अंगणातल्या कोवळ्या मटाराचं पातळ सूप. बाजारातला मटार आणला की पहिल्या चमच्यालाच तोंड घट्ट मिटायची. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "वजन आणखी घटलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही." आणि इकडे कुणाचे तरी पाळलेले, सुटून मोकाट झालेले ससे मटाराच्या ओळीच्या ओळी फस्त करत होते.

मास्तरांनी सलूनमधून कापलेले केस आणून पसरले, तिखट भुरभुरलं, सिस्टरांच्या सल्ल्याने साबणाच्या वड्या टांगल्या. सशांनी कशालाही भीक घातली नाही. शेवटी मास्तरांनी कंबर कसली. दोन बोटंसुद्धा जाणार नाहीत अशी बारीक तारेची जाळी आणली. ससा खालून उकरतो म्हणून ती वीतभर जमिनीत पुरली आणि पँटच्या पायाला घालावी तशी बाहेरच्या बाजूला दुमड घातली. जोड तारेने शिवले, तेही एकसारख्या टाक्यांनी. दार ठेवलं की फट आली, म्हणून दारच ठेवलं नाही. स्वतः स्टुलावरून चढून आत उतरायचे. आत एकही ससा उरला नाही हे नीट पाहूनच त्यांनी शेवटचा टाका घातला.

बायकोची खाट मागच्या खिडकीशी होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटात मास्तरांचं जुनं अंगुस्तान असायचं, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळेची टोपी. तिने ती काचेवर वाजवायची. एकदा वाजली की पाणी, दोनदा म्हणजे कूस बदल, तीनदा म्हणजे भांडं. हा हिशोब मास्तरांनीच बसवला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या संध्याकाळी एक मोठी सशीण आली आणि कुंपणाभोवती फिरू लागली. जाळीला नाक लावी, पुढे जाई, पुन्हा मागे येई.

"बघ, बघ! कशा येरझाऱ्या घालतेय!" मास्तर खुशीत म्हणाले. "म्हणावं, आता बस चडफडत."

काचेवर टक् झालं. त्यांनी पाणी आणलं. तिने तोंड फिरवलं. टक् टक्. त्यांनी तिला हळूच उचलून भिंतीकडच्या कुशीवर वळवलं. तिच्या घशातून एक मोठा हुंकार आला. "दुखलं का गं? झालं, झालं," असं म्हणत ते पाठीला तेल चोळत बसले.

दुसऱ्या दिवशीही तेच. सशीण फेऱ्या मारत राहिली, काच वाजत राहिली, आणि मास्तर पाणी, कूस, भांडं करत धावत राहिले. रक्तदाब पाहायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "वहिनींच्या मनात काहीतरी आहे, मास्तर."

"तिच्या मनातलं मला कळायचं नाही तर कुणाला? पंचेचाळीस वर्षं संसार केलाय."

तिसऱ्या संध्याकाळी सशीण आली नाही. काचही वाजली नाही. मास्तरांना वाटलं, चला, दोघींनाही स्वस्थता आली.

चौथ्या दिवशी सकाळी ते शेंगा तोडायला आत उतरले. गाजराच्या ओळीच्या टोकाला वाळक्या गवताचा पुंजका होता, तो उचलायला हात घातला तर बोटांना काही मऊ लागलं. खाली उथळ खड्डा होता. सशिणीने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून तो आतून मढवला होता. इतकं मऊ अस्तर मास्तरांनी कुठल्या कोटाला लावलं नव्हतं. त्यात चार पिल्लं होती. डोळेसुद्धा न उघडलेली, एकमेकांना बिलगलेली, थंडगार.

मास्तरांनी मान वर केली. खिडकी बरोबर समोर होती आणि बायको त्यांच्याकडेच पाहत होती.

त्यांनी पिल्लांना लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मग पक्कड आणली आणि जाळीची एक अख्खी बाजू कापून काढली. हात धुऊन आत आले, तेव्हा सूप निवलं होतं. ते पुन्हा गरम करून त्यांनी चमचा पुढे केला. तिने तोंड उघडलं नाही.

"तू सांगत होतीस ना मला?"

तिने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"पहिल्या दिवसापासून?"

पुन्हा तसंच.

"आणि मी मेला पाणी घेऊन धावतोय," असं म्हणून मास्तरांनी वाटी मांडीवर टेकवली. वयाला न शोभेल असं त्यांचं नाक वाहू लागलं. बऱ्याच वेळाने तिने डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि तोंड उघडलं. चार चमचे गेले.

त्यानंतर मास्तरांनी ठोके मोजणं सोडलं. काच वाजली की खाटेशी बसून ते एकेक विचारायचे, "पाणी? ऊन लागतंय? तो पक्षी? सिस्टर?" पापण्या मिटेपर्यंत विचारत राहायचे. सशांच्या तावडीतून वाचलेला मटार पाच आठवडे पुरला. तो संपत आला, तसं तिचं गिळणंही थांबलं.

शेवटच्या दुपारी काच हलकेच वाजली. मास्तरांनी पाणी विचारलं, कूस विचारली, "लेकीला फोन लावू?" म्हणून विचारलं. ससे, खिडकी, उशी, रेडिओ, तिची मेलेली बहीण, जे जे सुचलं ते सगळं विचारलं. दिवेलागणीला ते म्हणाले, "मला नाही गं कळत." तिच्या पापण्या हलल्या नाहीत. पहाटे ती गेली.

याला दोन वर्षं झाली. मास्तर अजून भाजी लावतात. पण वाफ्यात काम करता करता मधेच थांबतात आणि भिंतीशी येऊन हाक मारतात, "सिस्टर, अहो, केस विंचरायचे होते का तिला? ते विचारलंच नाही मी."