शेवटच्या कडव्यातलं नाव

माझे वडील भीमजयंतीला गाणी म्हणायचे. गाणी त्यांनी स्वतः रचलेली आणि सगळी तोंडपाठ. रीतीप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफायचे. श्रीगोंद्याच्या आसपास त्यांना जो काही मान होता, तो याच गाण्यांचा. बाकी आयुष्यभर ऊसतोड आणि मिळेल ती मजुरी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग करायची. लग्नपत्रिका, हँडबिलं, असलंच सगळं. क्लासचे मालक ते काम छपाईसाठी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडायचे. त्यासाठी फोनची लाइन जोडून एक सॉफ्टवेअर उघडायचं. पडद्यावर डावीकडे आपल्या फायली, उजवीकडे दूरच्या कुठल्या तरी मशीनवर त्या प्रकाशकानं भाड्यानं घेतलेली जागा. डावीकडची फाइल उजवीकडे ओढायची आणि लाइन तुटू नये म्हणून मालकांनी देव पाण्यात घालून बसायचं. आमच्या बौद्ध घरात देवच नव्हते, त्यामुळे ती सोय नव्हती.

आमच्या मशीनवर जागा कमी. त्यामुळे फाइल पलीकडे पोचली की मालक इथली पुसून टाकायचे. तिकडं ती जास्त सुरक्षित असते, असं त्यांचं ठाम मत.

त्याच प्रकाशकानं वडिलांच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं कबूल केलं. वडील माझ्याशेजारी स्टुलावर बसून म्हणत गेले, मी टाइप करत गेले; कुठलं गाणं कुठल्या जुन्या गाण्याच्या चालीवर, तेही लिहिलं. वर तुमचं नाव टाकू का, असं मी विचारलं.

“वर कशापायी? श्येवटच्या कडव्यात हाय की,” ते म्हणाले. “म्हननाऱ्याला ते घ्यावंच लागतं.”

फायली गेल्या. मालकांनी इथल्या पुसल्या.

पुस्तक काही आलं नाही. प्रकाशक आज-उद्या करत राहिला आणि मग बाजारात कॅसेट आली. चाली त्याच, शब्द तेच, फक्त शेवटच्या कडव्यात प्रकाशकाचं नाव. ते चालीत बसतही होतं, याचाच मला जास्त संताप आला.

मी लाइन जोडली. उजवीकडे फायली होत्या. एकेक डावीकडे उतरवून घेतली, उघडली. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं बदललेलं. मालकांना दाखवलं, तर त्यांनी हात वर केले. ज्याची जागा त्याची फाइल, आपण काय करणार, म्हणाले आणि चहा सांगितला. तो चहा मी प्यायले नाही. तेवढाच माझा निषेध.

पुढच्या जयंतीला एका पाहुण्यांच्या शब्दावर वडिलांना तिसगावकडच्या एका मंडळानं बोलावलं. तिकडे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. कॅसेट मात्र भोंग्यावर वाजून वाजून घरोघरी पाठ झाली होती. वडिलांनी सुरुवात केली आणि सगळा मांडव साथ द्यायला लागला. त्यांचा चेहरा असा खुललेला मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. शेवटचं कडवं आलं. वडिलांनी आपलं नाव घेतलं आणि मांडवानं दुसरंच.

गाणं अडखळलं. मंडळाचे अध्यक्ष पुढं आले. माइकवर हात ठेवून अगदी अदबीनं म्हणाले, “काका, श्येवटचं नाव चुकलं तुमचं. परत घ्या, आमी सांगतो.”

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कडवं परत घेतलं, अध्यक्षांनी सांगितलं तसं.