कावळा आणि फांदी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. एकदा आईच्या उशाशी बसून बोलणार होते, तेवढ्यात तिच्या औषधाची वेळ झाली — आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं मलाही ठाऊक नाही.

आधी मी कशी आहे ते सांगते, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या खणात आहे, झोपेतून उठवून विचारा. घरीही तेच — किराणा, बिलं, लग्नाचे आहेर, सगळ्याच्या याद्या. 'यादी केल्याशिवाय ही शिंकतसुद्धा नाही,' असं नवरा चिडवतो. आमची गल्ली उस्मानपुऱ्यातली. तिथं कुणाचं काही अडलं — विजेचं बिल जास्त आलं, पोराला कुठल्या शाळेत घालावं, डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांतली कुठली जेवणाआधी — की ठरलेलं वाक्य, "सुनंदाला विचारा." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

रविवारी दुपारी पाटीलकाकूंच्या ओसरीत आम्ही चौघी मेंढीकोट खेळायचो. काकू आणि त्यांची सून ज्योती एका बाजूला, मी आणि शहनाजभाभी दुसऱ्या. पत्त्यांचा हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — दोघी भिडू समोरासमोर बसतात आणि पत्त्यांतल्या चार दश्श्या आपल्याकडे ओढायच्या असतात. भिडूला खूण करायची नाही, बोलायचं तर नाहीच. ती काय टाकते त्यावरून तिच्या हातात काय उरलंय ते ओळखायचं. शहनाजभाभी आणि मी क्वचितच हरायचो. मी हिशेबानं खेळायचे. ती माझ्या चेहऱ्याकडे बघून खेळायची.

काकू गंगापूरकडच्या. हरल्या की त्यांना लगेच कारण सापडायचं. पत्ते पिसताना ज्योती शिंकली, समोरून कुणी रिकामी कळशी घेऊन गेलं. मी म्हणायचे, "काकू, कावळा बसायला आणि फांदी तुटायला!" एकामागून एक झालं म्हणून एकामुळं दुसरं झालं असं होत नाही — हे माझं लाडकं तत्त्व. कारखान्यात मशीन बंद पडलं की तिथंही मी हेच ऐकवायचे. शहनाजभाभीला ते इतकं आवडलं होतं की मी तोंड उघडायच्या आत तीच ओरडायची, "हौ काकू, कव्वा बैठा, डाली टूटी!" आणि पत्ते छातीशी धरून हसत सुटायची.

ते हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं.

ती आमच्या समोरच्या ओळीत, टोकाच्या घरात भाड्यानं राहायची. नवरा गाद्या शिवायचा. उन्हाळ्यात ती घरच्या फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या नळ्यांत गोड पाणी गोठवून बर्फाच्या कांड्या करायची — लाल, पिवळ्या, खसच्या हिरव्या. दुपारभर दारात पोरांची झुंबड. फ्रीज त्याच कांड्यांवर घेतलेला. त्याच्यावर तिनं स्वतः विणलेला रुमाल असायचा, आणि पोरांनी त्याला ओले हात लावले की ती खोटं खोटं रागवायची.

आता पाणी.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस अडकून पडतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं — कंपनीची बस थांबते थोडीच? म्हणून मी विचार केला. आमच्या ओळीच्या लाईनवर पहिलं घर आमचं. नळातून हवेची शीळ ऐकू आली की समजायचं, पाणी निघालंय पण अजून जोर धरलेला नाही. तेवढ्यात नळाला थेट मोटर लावली तर सगळ्यांच्या आधी टाकी भरते. नळाला मोटर लावायला बंदी होती. पण समोरच्या ओळीतही दोघा-तिघांनी लावलेली होतीच ना? मी आमची पायरीखाली बसवली आणि वर फरशी ठेवली. जमलं. बस कधी चुकली नाही.

पहिल्या बादलीला जरा वास यायचा. ती मी कुंड्यांना घालायचे. जुनी लाईन, असेल काहीतरी — असं म्हणून सोडून दिलं. मी! जिला एक नट कमी भरला तर जेवण जात नाही, तिनं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली.

पहिला ज्योतीचा मुलगा, काकूंचा नातू. डोळे हळदीसारखे. त्याला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. मग आणखी पोरं, मग मोठी माणसं. काकू दवाखान्यातून डबा घेऊन परत येताना मला गल्लीच्या तोंडाशी भेटल्या. रडून चेहरा सुजलेला. म्हणाल्या, "त्या बर्फातच हाय बग काय ते. कुठलं पानी घालती, कुनाला ठावं? लेकरू रोज खायचं गं." त्यांचं लेकरू मरणाच्या दारात होतं, त्यांना मी काय बोलणार? पण एकीनं म्हटलेलं दुसरीनं ऐकलं, आणि आठवडा संपायच्या आत शहनाजभाभीच्या दारातली झुंबड संपली.

ती माझ्याकडं आली. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "वैनी, तुमचं डोकं चालतं. जरा हिसाब लावा ना. मेरे हात से हुआ तर मी आजच बंद करते. नसलं झालं, तर तुम्ही बोला. तुमचं सगळे ऐकतात."

मी हिशेब लावला. कांड्या सगळ्यांत जास्त कोण खायचं? समोरच्या ओळीतली पोरं, तिच्या शेजारची. त्यांच्यातलं एकही आजारी नव्हतं. आजारी होतं ते आमच्या ओळीतलं. आणि आमच्या ओळीतले ते एक आजोबा — तोंडात दात नाहीत, थंड सोसत नाही, जन्मात बर्फ चोखला नसेल — तेही पिवळे पडले होते. म्हणजे बर्फ नाही. मग आमच्या ओळीचं वेगळं काय? पाण्याची लाईन. ती कुठून येते? आमच्या पायरीजवळ गटाराच्या चेंबरला घासून. पण लाईन तर वर्षानुवर्षं तिथूनच जाते. मग याच वर्षी का?

इथं मी थांबले. खरं सांगते, तिथंच उठून भाजी निवडायला घेतली.

मोटर मी त्याच वर्षी, थंडी संपता संपता बसवली होती.

तरी मी खात्री करून घेतली. एका खेपेला मोटर लावलीच नाही, नळ नुसता सोडला. पहिली बादली स्वच्छ. पुढच्या खेपेला शीळ ऐकू येताच मोटर लावली — वास. पाण्याला जोर नसताना मोटर ओढायला लागली की अर्धी रिकामी लाईन फुटक्या सांध्यातून मिळेल ते आत घेते. चेंबरमधलं घेत होती. थोडं माझ्या बादलीत, उरलेलं पुढच्या घरांना. आमच्या घरात कुणी का आजारी पडलं नाही? मी पाणी गाळून, उकळून ठेवायचे. नीटनेटकी बाई ना मी.

आणि ती जी मी खात्री करून घेतली — त्या खेपेचं पाणीसुद्धा गल्लीच प्यायली. हे मला तेव्हा सुचलं नाही? की सुचलं होतं? मी पुष्कळदा विचारलंय स्वतःला. सुचलं होतं.

गल्ली दुपारची झोपलेली असताना मी मोटर काढली, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. नवऱ्याला म्हटलं, जळाली. सांधा गळतोय अशी तक्रारही केली नाही — खणायला माणसं आली असती तर पायरीखाली राहिलेले मोटरचे बोल्ट दिसले असते. त्याऐवजी मी घरोघर फिरले. पाणी उकळून प्या, साबणानं हात धुवा, असं सांगत. बायका म्हणाल्या, सुनंदा होती म्हणून बरं. मी तेही ऐकून घेतलं.

शहनाजभाभीला मी काय सांगितलं? म्हटलं, "अजून नक्की कळत नाही." ती म्हणाली, "मग तोवर बंदच ठेवते मी. लेकरांचा मामला आहे." आणि तिनं फ्रीज बंद केला. मी मोटर काढली त्याच आठवड्यात.

तुम्हाला दिसतंय ना, पुढं काय झालं असेल? मला दिसलं होतं.

काही आठवड्यांनी नवं कुणी पिवळं पडेनासं झालं. काकूंचा नातू घरी आला. रविवारी आम्ही त्याला बघायला ओसरीत जमलो. तो भिंतीला टेकून मोसंबी खात होता, हातावर सुईचे डाग. काकूंनी सवयीनं पत्ते काढून माझ्याकडं दिले, मी पिसत बसले. शहनाजभाभी आली ती पायरीवरच उभी राहिली. मुलासाठी खजूर आणले होते, ते कुणी हातात घेतले नाहीत, म्हणून तिनं कठड्यावर ठेवले.

काकू म्हणाल्या, "बर्फ बंद झाला, कावीळ बंद झाली." मग माझ्याकडं वळल्या. हसल्या, पण त्या हसण्यात महिनाभराचा दवाखाना होता. "आता म्हन की गं सुनंदा. कावळा नि फांदी! म्हन की!"

शहनाजभाभीनं माझ्याकडं बघितलं. ती हसली नाही, रडली नाही. भिडूच्या पानाची वाट बघावी तशी बघत होती. माझ्या तोंडी सदा असलेलं एक वाक्य. तेवढंच टाकायचं होतं. मोटरचं राहू द्या — नुसतं तेवढं जरी म्हटलं असतं, तरी लोकांनी ऐकलं असतं.

मी पत्ते पिसत राहिले. मग वाटायला घेतले. तीन जणींचे.

भीती कशाची होती? दंडाची नाही. तो भरला असता. काकूंची होती का? थोडी. पण खरी भीती ही की 'सुनंदाला विचारा' हे पुन्हा कुणी म्हणणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच. आणि मग माझं डोकं, जे इतकं चालतं, ते माझ्या बाजूनं चालायला लागलं. मुलं बरी झाली. मोटर काढली. आता बोलून कुणाचं भलं होणार? उलट गल्लीत भांडणं. एकेक मुद्दा असा बिनतोड की दुसऱ्या कुणी मांडला असता तर मी त्याला तिथंच पकडलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात शहनाजभाभीनं कांड्या केल्या नाहीत. घेणारं कुणी नव्हतं. फ्रीज विकला. मग घरमालकाला अचानक घर रिकामं हवं झालं, आणि ती दोघं तिच्या माहेरी, पिशोरला निघून गेली. टेम्पो भरताना मी कामावर होते. सुट्टी घेता आली असती.

बऱ्याच वर्षांनी कारखान्यातल्या एकाच्या घरी लग्न होतं म्हणून पिशोरला गेले. बाजारातून चालले होते, मागून हाक आली, "वैनी!" केस पांढरे झालेले, पण चाल तीच. माझा हात धरून तिनं मला घरी नेलं. गादीच्या कापसानं भरलेली खोली, कोपऱ्यात चूल. तिनं पेला धुतला, पुन्हा धुतला, भरून माझ्या हातात दिला.

"उकळलेलं आहे वैनी. बिनफिकीर प्या."

मी पेला धरून बसले. ती समोर बसली, अगदी भिडूसारखी, आणि सांगायला लागली. तेव्हापासून उकळल्याशिवाय ती कुणालाच पाणी देत नाही. बर्फ तर पुन्हा कधी केलाच नाही. "आधी मला वाटायचं, मेरे से नै हुआ. पण बंद केलं आणि थांबलं ना सगळं? मग माझ्याच हातून झालं असणार. लेकरं होती वैनी ती. अल्लानं वाचवलं." मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सगळे बोलले मला. एक तुम्हीच होता, एक शब्द बोलला नाहीत. मी विसरले नाही ते."

मी पाणी प्यायले. सगळं. ती म्हणाली, "और देऊ?" मी हो म्हटलं, तेही प्यायले, आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

बसला अजून बराच वेळ होता.

शहनाजभाभी, तुझ्या बर्फात काही नव्हतं. मोटर माझी होती.