मुदीच्या मापाने भात

कलकत्त्यातला एक शनिवार आज सकाळपासून आठवतोय... पन्नासच्या दशकातला. मी तेव्हा बारा वर्षांची.

अण्णांची केंद्र सरकारची नोकरी. बदली होऊन आम्ही भवानीपूरला राहात होतो. कॉन्व्हेंटमध्ये एक उत्तर चुकलं की मी दिवसभर तोंड उघडायचे नाही... शेवटी आईच्या हट्टापायी अण्णांनी मला मीरादींच्या छोट्या शाळेत घातलं. मॉन्टेसरीच, पण आमच्यासारख्या मोठ्या मुलांसाठी.

तिथे आम्हाला खरीखुरी कामं असत. बाग, सुतारकाम आणि शनिवारी साऱ्या शाळेचं जेवण. अण्णांना ते पटेना. "स्वयंपाक काय, घरीही शिकेल. एकदा बघून येतो, नाहीतर परत कॉन्व्हेंट." मला तर तिथून हलायचंच नव्हतं!

ते आले नेमके त्या शनिवारी, जेव्हा स्वयंपाक माझ्याकडे होता. वीस माणसांचे तांदूळ मी घरच्या सवयीने घेतले... माणशी एक मूद. आमच्याकडे पोळ्या मुख्य, भात शेवटी चवीपुरता. मीरादी शेजारीच उभ्या होत्या. बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत.

पंगत बसली आणि निम्म्यांना वाढेपर्यंत पातेलं रिकामं! बंगाली मुलं ती, भातावर जेवणारी... तपन पानाकडे बघून ओरडला, "काय गं शालू, आज पाखरं जेवायला बोलावलीस?" सगळे खो खो हसले.

अण्णा मीरादींकडे वळले. "तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"आज भात पुरला असता. पण पुढच्या वेळी ती तांदळाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसली असती."

माझे कान तापले... पण समोर भुकेली माणसं. रडायला सवडच नव्हती. "माझं माप चुकलं. अर्ध्या तासात भात होतो," मी म्हणाले आणि एकेकाला विचारत सुटले, तू किती खातोस, तू किती खातेस? तपन म्हणाला, "मी? तुमचं अख्खं घर खातं तेवढा!" मी पुन्हा तांदूळ धुतले, पुन्हा चूल पेटवली.

अण्णा दुसऱ्या पंगतीला मुलांबरोबर जमिनीवर बसून जेवले. भात थोडा गिचका झाला होता... तरी परत मागून घेतला.

परतताना ट्राममध्ये मी जीव मुठीत धरून बसले होते. परत कॉन्व्हेंट का, हे विचारायचा धीर होईना. घर जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, "पुढच्या खेपेला काय करणार आहेस मग?"

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. मूल डोळ्यांदेखत चुकत असताना हात मागे बांधून उभं राहणं किती कठीण असतं, ते तेव्हा कळलं... मीरादी, तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं.