पाल्हाळ मुकादम

चिमूटभर तंबाखू हवी असली, तरी मुकादम आधी पागोटं नीट करत, घसा खाकरत आणि म्हणत, "सांप्रत समयी अस्मादिकांची आपल्या चरनी अशी इनंती हाय की…" तंबाखू हातावर पडेपर्यंत देणारा कावून गेलेला असे. लोणावळ्याला रेल्वेच्या गँगवर ते मुकादम होते. कीर्तनांतून आणि साहेबाच्या कारकुनाकडून उचललेले जडजड शब्द त्यांनी जन्मभर जपून वापरले. कान्ह्याजवळच्या आमच्या वाडीत त्यांना सगळे पाल्हाळ मुकादमच म्हणत.

पाल्हाळ म्हणजे नको तितकं लांबवलेलं बोलणं, असा अर्थ मी पुढे शाळेत मुलींना सांगत आले. वाडीत तो सांगावा लागत नसे. कुणी बोलता बोलता भरकटला, की "आता मुकादम होऊ नगंस," एवढं पुरे. त्यात थोडी थट्टा असे, थोडी चीड असे आणि बरीचशी घाई.

एकदा आमच्या गोठ्यात विषारी फुरसं निघालं. मुकादम तेव्हा सहज आले होते. दारातूनच ते सांगू लागले, "वैनी, सकल मंडळींनी अंमळ अवधान द्यावं. सदर गोठ्याच्या ठिकानी, गव्हाणीच्या उजव्या अंगाला…" आईनं काठी घेऊन फुरसं ठेचलं, तरी यांचं चालूच. आम्ही भावंडं पोट धरून हसलो. भाकरी थापताना आई म्हणाली, "हसताय काय? हात बघितलं का त्यांचं? लटलट कापत व्हतं. भाऊ मिजाशीनं बोलत न्हाईत गं. भ्यालं की त्यास्नी थांबताच येत न्हाई."

तेव्हा ते मला पटलं नव्हतं. मग गाठीच्या तापाचं वर्ष आलं. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी सारी वाडी उठून माळावर खोपटांत राहायला गेली. बाहेरून येणाऱ्यानं ओढा ओलांडायचा नाही, असं पंचांनी ठरवलं. कुणी नुसतं खोकलं तरी मी लांब सरकून बसे. निजायच्या आधी आई आमच्या काखा चाचपून पाही आणि तेवढा वेळ आम्ही श्वास रोखून धरत असू.

आमचे वडील, आबा, मुकादमांच्याच गँगवर होते. लोणावळ्यातच त्यांना ताप आला आणि तिथल्या गावाबाहेरच्या आजाऱ्यांच्या छपरात हलवलं, असा निरोप आला. त्या दिवसापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. माणसं तिथून परत येतात का, हे मी कुणाला विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटत होती.

एका दुपारी पलीकडच्या काठावर मुकादम दिसले. लोणावळ्याहून उन्हात चालत आले होते, ओठ पांढरे पडले होते. आईनं कोरड्या ओढ्यातल्या दगडावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती मागे सरली. आमच्याकडे वाईट सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही.

"सकल मंडळींना सादर विदित करन्यात येतं की, सांप्रत लोनावळ्याकडं हवामान कोरडं असून…"

"भाऊ, आधी पानी घ्या," आई म्हणाली.

मुकादमांनी तांब्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "…तसंच रुळांचं काम यथास्थित चालू असून, साहेबमजकूर…"

"भाऊ, पानी घ्या की!"

ते घाटातल्या दरडींबद्दल बोलू लागले.

आई मटकन खाली बसली. तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मुकादमांचा आवाज चिरकत होता. आता ते थांबतील, असं वाटून मी गारठले. जन्मात पहिल्यांदा मला ते पाल्हाळ संपू नये असं वाटलं.

"थांबू नगा, भाऊ," आई म्हणाली. "तुमी थांबला की मला कळंल. तवर बोला."

आणि मुकादम बोलले. बोगदे सांगितले, रुळांखालचे नवे स्लीपर सांगितले, साहेबाची लंगडी घोडी सांगितली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, घसा पार बसला होता. माळावरची माणसं एकेक करून आमच्यामागे येऊन उभी राहिली, आणि त्या एवढ्या बोलण्यात मुकादमांनी आबांचं नाव एकदाही घेतलं नाही.