छपरावरचं ऊन

बचत गटात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ओल्या पायाला माती चिकटावी तसे ते चिकटतात. मी जव्हारच्या दुकानदाराची मुलगी. समोरच्याचं शटर वर जायच्या आत आपलं वर गेलं पाहिजे, हा आमच्या अण्णांचा नेम! आणि मी स्पर्धा शिकवायला गेले कुणाला, तर जव्हारजवळच्या वांगणीच्या बायकांना.

ठाण्याच्या एका दुकानाला नाचणीचे पापड हवे होते. वर्षभराची ऑर्डर, पण एकाच गटाला. ती मिळाली तर आमच्या गटातल्या सुक्रीबाईला दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘स्पर्धात्मकता’. म्हटलं, "म्हणजे दुसऱ्यापेक्षा चांगलं, स्वस्त आणि वेळेवर."

"दुसरा कोण?" सुक्रीबाईनं विचारलं.

"सूर्यमाळचा गट. जनीबाईचा."

"जनी? ती माझ्या मावशीची पोर हाय ताई!"

सगळ्या हसल्या. मी फळा पुसला.

*

मग मोखाड्याच्या बाजारात सराव. "गिऱ्हाईक सोडायचं नाही!" मी बजावलं होतं. एक मॅडम आल्या. सुक्रीबाई म्हणाली, "आज माझं तिखाट जास्त पडलंय. शेजारणीचं घ्या, पोरं खातील."

मी कपाळावर हात मारला. पुढच्या बाजाराला त्याच मॅडम शोधत आल्या, "ती खरं सांगणारी बाई कुठंय?" आणि अख्खी पाटी घेऊन गेल्या.

*

निवडीच्या आधी मी सूर्यमाळला गेले होते. चार दिवस धुकं हटलं नव्हतं. ढग दारातून आत येऊन चुलीपाशी बसले होते, माणसं बोलत होती पण दिसत नव्हती. फार सुंदर वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. धुक्यात पापड वाळत नाहीत ना!

निवडीच्या दिवशी मोखाड्यात दुकानाचे साहेब आले. जनीबाईचा डबा उघडला. पापड कडक! आमचा उघडला. मऊ.

"सुक्रीबाई, आपले ओले कसे?"

"जनी पापड घेऊन जीपनं आली होती माझ्याकडं. छपरावर जागा तेवढीच. मंग तिचे घातले."

"आणि आपले?"

"वाळतील की उद्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. दिवाळी आठ दिवसांवर होती. साहेब जनीबाईचं नाव लिहायला लागले, तर तिनं वहीवर हात ठेवला.

"धुकं आमच्याकडं दरसाल येतंय सायेब. ऊन हिच्या छपरावर हाय. दोघींचं नाव लिवा, नायतर माझंबी नको."

*

दिवाळीनंतर माणसं न्यायला भट्टीचा ट्रक पाड्यावर आला. सुक्रीबाई छपरावर दोन्ही गटांचे पापड वाळत घालत होती. वरूनच ओरडली, "लांब लाव रे ट्रक, धूळ उडते!"