उजवा स्पीकर

जगातल्या प्रत्येक चालू वस्तूत बिघाड आहे आणि तो फक्त आपल्यालाच ऐकू येतो, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. धडधडत्या मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते नेमकं सांगत. या कानाचा त्यांना भारी अभिमान. निवृत्त झाल्यावर मशीन राहिली नाही, म्हणून त्यांनी तो कॉम्प्युटरला लावला. "विकतचं काही घ्यायचं नाय जावईबापू, लिनक्स टाका," असं म्हणत त्यांनी बजाजनगरातल्या ओळखीच्या घराघरांत ते टाकलं. माझ्याकडं तर मी दूध आणायला गेलो तेवढ्यात टाकून मोकळे झाले.

त्याचं मला काही नव्हतं. पण बायको घरूनच गाण्याचे ऑनलाइन क्लास घेते, आणि आवाज उत्तम चालू असताना हे गृहस्थ दर रविवारी चहाला येऊन जाहीर करत, "उजवा स्पीकर मेलाय." आम्हाला दोघांनाही तो व्यवस्थित ऐकू यायचा. "तुमचं ऐकणं वरवरचं. माझा कान खोटं सांगत नाय," असं सुनावून ते काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायला बसत, आणि एक परदेशी बाई आळीपाळीनं डाव्या-उजव्या स्पीकरमधून 'फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट' घोकू लागे. एकदा त्यांनी सगळा आवाज मॉनिटरकडं वळवला. आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! त्या संध्याकाळी बायकोला पडद्यावरच्या मुली नुसती तोंडं हलवताना दिसत राहिल्या, आणि मामा शेजारी बसून म्हणाले, "बरंय की, बेसूर गायल्या तरी ताप नाय." वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, तरी उजवा मेलेलाच. "बिडकीनच्या साडूकडंबी उजवाच गेलाय. या साउंड कार्डांचा सगळा मालच खराब हाय."

परवा मात्र माझं डोकं फिरलं. मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटरचा डबाच उघडायला निघाले होते. "मामा, पुरे! हात लावू नका त्याला," मी ओरडलो. मामांनीही तावातावानं खुर्ची फिरवली आणि कॉम्प्युटरकडं पाठ करून माझ्याशी भांडायला बसले. मागं बाईचं घोकणं चालूच होतं. बोलता बोलता ते एकदम थांबले. "आला! उजवा आला!" त्यांचा चेहरा उजळला. मग पुढचा शब्द ऐकून ते म्हणाले, "आन् डावा गेला की."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मामांनी खुर्ची पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटी केली. मग डाव्या कानावर तळहात घट्ट दाबून त्यांनी उजवा कान स्पीकरपाशी नेला.

"कार्ड चांगलं हाय तुमचं," शेवटी ते हळूच म्हणाले. "लई चांगलं हाय. मीच उगं छळलं त्याला."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. इतक्या रविवारांत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला पहिल्यांदाच निर्दोष ठरवलं होतं, आणि मला मात्र त्या कार्डातच काहीतरी बिघाड निघावा असं अगदी मनापासून वाटत होतं.