पहिल्या इनिंगवर लावलेला नातू

छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे काही कोवळी नव्हते. तरी नातवाजवळ कोणी राहायचं, हे मी अमेरिकेतल्या बेसबॉलवर ठरवलं.

नातू झाला तेव्हा मुलाच्या दुबईतल्या, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका बेडरूमच्या घरात आम्ही दोघी व्हिजिट व्हिसावर आलो होतो, मी आणि सुनेची आई. मुदत संपत आली तसा मुलगा म्हणाला, "आई, एकीचाच व्हिसा रिन्यू करू. हॉलमध्ये दोघी किती दिवस झोपणार? तुम्हीच ठरवा." सरळ 'मला राहायचंय' म्हटलं असतं तर माझी, या बाईसाहेबांची, जीभ झिजली असती. त्यांनी विहिणीशी पैज लावली, जिंकेल ती राहील.

मुलगा सकाळी सहाला, ऑफिसला जाण्यापूर्वी, लॅपटॉपवर बेसबॉल लावायचा. पहिल्या इनिंगमध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या पहिल्या पाळीत, एक तरी रन होणार की नाही, यावर मित्रांशी त्याची बिर्याणीची पैज असे. चहा गाळता गाळता पंधरा दिवस मीही बघितलं आणि स्वतःला तज्ज्ञ समजू लागले. सहा गडी बाद होईपर्यंत एकही धाव नाही, हे क्रिकेटवर वाढलेल्या मला पटेचना. पंधरातले नऊ दिवस नेमकं तसंच झालं होतं. ते मी खेळाडूंच्या आळशीपणात जमा केलं.

"आज रन होणार," मी म्हटलं.

विहीणबाई पाय पसरून बाळाला तेल चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही व्हायची. इतक्या सकाळी कोणाचे हातपाय चालतात?"

"अहो, तिकडे अजून कालची संध्याकाळ आहे."

"मग तर दमलेलेच असतील."

काय हसले मी त्यांच्या अडाणीपणाला.

पहिल्या संघाचे तिघे आले तसे गेले. दुसऱ्याचे दोघे बाद, एक जण तिसऱ्या बेसवर. चेंडू उंच उडाला, तो बेसवरचा पठ्ठ्या धावत होम प्लेटला, म्हणजे रन पुरी होते तिथे, पोचला आणि मी गाळणं हातात धरून नाचले. "यल्ला, चला विहीणबाई, बॅग भरा."

"आई, कॅच झाला," मुलगा म्हणाला. "थर्ड आउट. रन धरत नाहीत."

क्रिकेटमध्ये तरी कुठे धरतात? जन्मभर सामने बघून ही अक्कल.

"झालं ना? आता अंघोळीचं पाणी ठेवा जरा," विहीणबाई म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपणहून विषय काढला. "पैज काय धरून बसलात? तुम्ही राहा, मी जाते." यावर या महामायेचं उत्तर काय, तर "शब्द म्हणजे शब्द." वाटत होतं, आणखी एकदा आग्रह करतील. त्या कशाला करतील? बाळ त्यांच्या मांडीवर होतं.

दात, रांगणं, पहिलं पाऊल, सगळं मी रत्नागिरीत फोनवर बघितलं, तेही निम्म्या वेळा अडकलेलं. आता नातू बारा वर्षांचा आहे. ताप आला की नानीला फोन लावा म्हणतो. माझ्याशी मात्र फार अदबीनं बोलतो, "हाय आजी, हाऊ इज युअर नी?"

गुडघा बरा आहे, असं मी सांगते.